‘नाही’ पुढच्या गल्लीत गेलं

मावळात पाऊस लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच आमच्या गावातल्या नळाला पाणी नसतं. पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी पत्र्यावर वाजणाऱ्या पावसाकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि हसतात. हसा म्हणावं. पंपाची वीज जाते, विहिरीत गाळ येतो, मोठी वाहिनी फुटते. पाऊस आभाळातून पडतो, नळातून पडत नाही, एवढं साधं शिकलेल्या माणसांना कळत नाही त्याला मी काय करू? इथल्या नगरपरिषदेत पाणीपुरवठा विभागात मी लिपिक आहे. बावीस वर्षं झाली. बाजारात, देवळात, लग्नाच्या पंगतीत लोक मला एकच विचारतात, ‘‘उद्या पाणी आहे का हो?’’ दातांच्या डॉक्टरनं तर माझ्या तोंडात यंत्र घालून विचारलं होतं. गावाचं नाव सांगत नाही. लोणावळ्याची लोकल इथं थांबते, तेवढं पुरे.

पाणी येणार नसलं की ते गावाला सांगायचं काम आबांचं. आबा आंदर मावळातले. तिकडे एसटी येते तेव्हा येते, म्हणून माणूस पहाटे निघून दोन डोंगर उतरून डांबरी रस्त्याला लागायचा आणि तरी आमच्या सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर. वय साठीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरणारे, पण आवाज असा की समोरच्या डोंगरावरची गुरं हाकेसरशी माघारी फिरत. ते स्वतःच सांगायचे. नगरपरिषदेनं एका छोट्या टेम्पोवर भोंगा बसवला, आबांच्या हातात माईक दिला, आणि आबा गावभर फिरायला लागले. नोकरी कंत्राटी, पण ऐट अशी की मुख्याधिकाऱ्याला नसेल.

त्यांची जाहीर सूचना अशी असायची: ‘‘ए आयाबायांनो! पानी न्हाई! उद्याच्याला पानी न्हाई! न्हाई म्हंजी न्हाई! आजच भरून ठिवा, मागनं माज्या नावानं बोंबलू नगा!’’ मग टेम्पो थांबवून खास निरोप. ‘‘कोपऱ्यावरच्या मावशी, तुमी दोन पिपं जादा भरा, तुमच्याकडं पावनं हायेत.’’ ‘‘मास्तर, तुमी गच्चीवरची टाकी बगा, वाहती हाय कालपास्नं.’’ सगळं गाव ऐकायचं. मास्तर लाजेनं गच्चीवर पळायचे. कुणाचीही तक्रार नव्हती.

तक्रार मी केली.

झालं असं की पुण्याहून माझी नणंद दोन दिवस राहायला आली होती. आम्ही जेवत होतो आणि बाहेरून आबांचा टेम्पो गेला. नणंद ऐकत राहिली आणि हसायला लागली. घास अडकेपर्यंत हसली. मग तिनं खिडकीतून मोबाईल बाहेर काढून आबांचा आवाज टिपला आणि त्यांच्या घराण्याच्या ग्रुपवर टाकला, ‘वहिनीच्या ऑफिसचा लाऊडस्पीकर’ असं लिहून. दहा मिनिटांत चौदा जणांच्या हसऱ्या तोंडांची रांग लागली. माझं डोकं फिरलं. नणंदेवर फिरायला हवं होतं, ते फिरलं आबांवर. आता इतर बायका राग आला की भांडी आपटतात. मी पत्र लिहिते. बावीस वर्षं सरकारी कागद हाताळल्याचा हा परिणाम. सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहिलं की आमच्या उद्घोषकाची भाषा गावंढळ आहे, लोक हसतात, गावात नगरपरिषदेची शोभा होते, काहीतरी करावं. खाली सही ठोकली आणि मला बरं वाटलं. हे कबूल करायला आज लाज वाटते, पण तेव्हा फार बरं वाटलं होतं.

मुख्याधिकारी साहेब नवीन होते. वयानं तरुण, आमच्याकडे पहिलीच नेमणूक. तेव्हा निवडणुका रखडलेल्या, नगरसेवक नाहीत, म्हणून सगळा कारभार एकट्या साहेबांच्या हातात. त्यांना माझं पत्र भलतंच आवडलं. तिसऱ्या दिवशी लेखी आदेश निघाला. यापुढे उद्घोषकानं मंजूर मसुदाच वाचायचा. पदरचा एक शब्द घालायचा नाही. टेम्पो मध्येच थांबवायचा नाही. आणि मसुदा कुणी लिहायचा? अर्थात मी.

माझं मराठी चांगलं आहे, असं सगळे म्हणतात. शाळेत निबंधात पहिली यायचे. पुढच्या आठवड्यात मी पहिला मसुदा केला: ‘सर्व नागरिकांना जाहीर सूचनेद्वारे कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे अत्यावश्यक काम हाती घेण्यात येत असल्याने उद्या गुरुवार रोजी सकाळच्या सत्रातील पाणीपुरवठा नेहमीच्या वेळेत होणार नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी.’ एकच वाक्य. साहेबांनी खाली ‘उत्तम’ असा शेरा मारला. मी तो शेरा शेजारच्या टेबलावरच्या तिघांना दाखवला.

आबा चौथीपर्यंत शिकलेले. कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ‘‘ताई, लय लांब हाय वो ह्यो.’’

‘‘सरकारी आहे आबा. सरकारी लांबच असतं.’’

‘‘न्हाई, म्हंजी, पानी हाय का न्हाई ते लय मागं गेलंय.’’

‘‘जसं लिहिलंय तसं वाचा,’’ मी म्हणाले. चांगलं तोडून म्हणाले. आबा ‘‘व्हय’’ म्हणून गेले.

आता आमच्याकडच्या दोन गल्ल्या समजून घ्या. भाजी मंडईच्या मागून एक गल्ली सरळ येते आणि कोपऱ्यावर काटकोनात वळून दुसरी सुरू होते. पहिल्या गल्लीत कोपऱ्यावरच्या मावशी राहतात, दुसऱ्या गल्लीत मी. मावशींच्या मुलीचा साखरपुडा त्याच गुरुवारी होता, घरच्या घरी, साठ माणसांचा.

बुधवारी संध्याकाळी टेम्पो आला. आबांनी काय करावं? आदेशाप्रमाणे एकेक अक्षर जोडत, प्रामाणिकपणे, चौथीच्या वर्गात उभं राहून वाचतात तसं वाचलं. ‘‘क-ळ-वि-न्यात ये-ते की...’’ टेम्पो थांबवायचा नाही हाही आदेशच, म्हणून चालकानं टेम्पो चालता ठेवला. ‘जलवाहिनी’ला आबा अडखळले, ‘अत्यावश्यक’ला तर घामाघूम झाले असणार. पहिली गल्ली संपत आली तेव्हा ते ‘‘सकाळच्या सत्रातील पानीपुरवटा न्हेमीच्या येळेत हो...’’ इथवर आले होते. टेम्पो वळला. उरलेलं ‘‘...नार नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी’’ हे दुसऱ्या गल्लीत, माझ्या खिडकीखाली पडलं. ‘नाही’ मात्र कागदावर होतं तसं, शुद्ध म्हणाले बिचारे. भोंग्याचं तोंड पुढे असतं, त्यामुळे मागच्यांना काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही.

पहिल्या गल्लीनं काय ऐकलं? उद्या पाणी नेहमीच्या वेळेत. झालं! आमच्याकडे सकाळी ताजं पाणी येणार म्हटलं की आदल्या दिवसाचं पाणी ‘शिळं’ होतं. ते ठेवायचं नसतं. शिळ्या पाण्यानं अंगणं धुतली, ओटे धुतले, सायकली धुतल्या. मावशींनी तर उद्या कार्य म्हणून सगळी पिपं पालथी घालून राखेनं घासली आणि रांगेत उपडी मांडली.

आणि दुसरी गल्ली? तिला एवढंच कळलं की काहीतरी होणार नाही आणि त्याची सर्वांनी नोंद घ्यायची आहे. कुणी म्हणालं, निवडणूक होणार नाही. कुणी म्हणालं, गणपतीची मिरवणूक होणार नाही, नवीन साहेबांनी बंद केली. माझ्या शेजारणीनं मात्र डोकं चालवलं. म्हणाली, ‘‘अहो, उद्या गल्लीत दुसरं काय आहे? साखरपुडा! साखरपुडा होणार नाही!’’ मी खिडकीत उभी होते. वाक्य माझं स्वतःचं होतं. तरी क्षणभर मलाही वाटलं, अगं बाई, मोडला की काय?

नवरदेव कार्ल्याचा. शेजारणीची मावसबहीण तिथलीच. रात्रीचं जेवण व्हायच्या आत मुलाच्या वडिलांचा मावशींना फोन, ‘‘आमचं काय चुकलं ते तरी सांगा. परस्पर नगरपरिषदेकडून कशाला कळवलंत?’’ मावशींना काही उलगडा होईना. त्या म्हणतात, आमच्याकडे सगळी तयारी आहे, पिपंसुद्धा घासली. ते म्हणतात, गाडी फिरवत जाहीर केलंत की हो! अर्धा तास दोन्हीकडून आरडाओरडा झाल्यावर उद्या या, असं ठरलं.

गुरुवारी सकाळी नळ उघडले. सूं असा आवाज आला, बस.

नऊ वाजता हंडा मोर्चा नगरपरिषदेवर आला. पुढे मावशी, पैठणी नेसून, कारण बदलायला वेळ नव्हता. एका हातात छत्री, कमरेवर रिकामा हंडा, मागे तीस-चाळीस बायका. आणि पाऊस असा की समोरचं दिसेना. ‘‘पाणी द्या, नाहीतर खुर्ची सोडा!’’ घोषणा चालू होत्या आणि तिकडे छत्र्यांवरून ओघळणारं पाणी हंड्यांत पडत होतं. साहेब गॅलरीत आले. तेव्हा गप्प बसायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘‘पण हंडे भरलेत की तुमचे.’’ मी त्यांना दंडाला धरून आत ओढलं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात धाडसी काम तेच.

टँकर पाठवला, वळचणीखाली पातेली लावली, पावसाच्या पाण्यावर साठ माणसांचा भात शिजला आणि साखरपुडा पार पडला. मुलाच्या वडिलांनी तीनदा भात घेतला म्हणे. पण साहेबांचा चेहरा उतरला होता आणि त्यांना माणूस हवा होता, ज्याची चूक आहे असा माणूस. दुपारी त्यांनी मला बोलावलं. ‘‘मसुदा स्पष्ट आहे. वाचणाऱ्यानं घोळ घातला. सोमवारपासून त्यांना गटार सफाईच्या टोळीत टाका. रेकॉर्ड केलेला आवाज लावू. आदेश तयार करा.’’

मी टेबलाशी आले तर आबा उभे. बातमी आमच्याकडे आदेशाच्या आधी पोचते. डोक्यावरची टोपी हातात घेतलेली. म्हणाले, ‘‘गटारात उतरायला माजी ना न्हाई ताई. काम हाय, करीन. गुडघं बी करतील कसं तरी. पर माजी लेक ह्याच गावात दिलीया, बाजारपेठंत. तिच्या दारावरनं मी माईक घिऊन जातो. तिची सासू आल्यागेल्याला सांगती, आमचं व्याही माईकवर हायेत. तितनं आता घमेलं घिऊन कसं जाऊ? आदेश लिवताना तेवडं बगा की.’’

ते गेले. मी कागद ओढला आणि लिहिलं, ‘सदर उद्घोषकाने मसुद्याचे वाचन सदोष केल्यामुळे...’ पुढे हात चालेना. खोटं लिहायची मला सवय नाही असं नाही. रस्ता नसलेल्या रस्त्यावर खड्डे बुजवल्याचं मी लिहिलेलं आहे. पण हे लिहिता येईना. त्यांनी एकही अक्षर गाळलं नव्हतं. घोळ माझ्या वाक्यात होता. पाणी ‘नाही’ हे सांगायचं आणि ‘नाही’ला वाक्याच्या पार शेपटाला बांधून ठेवायचं, ही अक्कल माझी. आबांनी ते कागद बघताक्षणी ओळखलं होतं आणि मी त्यांना तोडून बोलले होते. माझाच मला इतका संताप आला की मी कागद फाडला आणि न विचारता साहेबांच्या दालनात शिरले.

‘‘साहेब, चूक माझी आहे. मसुदा माझा, आणि आबांबद्दलची तक्रारही माझीच. ती मी नणंदेच्या रागापायी केली.’’

साहेबांना नणंदेचं काही कळलं नाही. ते म्हणाले, ‘‘मसुद्यात काय चूक आहे? मी ‘उत्तम’ लिहिलंय.’’

‘‘तर मग तुम्ही गल्लीत उभे राहा. तोच कागद, तोच टेम्पो, तेच आबा. ऐकून सांगा, पाणी आहे की नाही.’’ माझा आवाज चढला होता. शिपाई दारातून डोकावून गेला.

साहेब तरुण होते तरी अडून बसणारे नव्हते, हे सांगायला हवं. शुक्रवारी संध्याकाळी ते खरंच आले. पहिल्या गल्लीत, मावशींच्या दाराशी, छत्री धरून उभे. शेजारी मी. आबांना सांगितलं, फक्त वार बदला, बाकी बुधवारी वाचलंत तसंच. टेम्पो आला. ‘‘क-ळ-वि-न्यात ये-ते की...’’ साहेब मान हलवत, मनातल्या मनात शब्द लावत ऐकत होते. ‘‘...न्हेमीच्या येळेत हो...’’ टेम्पो वळला आणि आवाज भिंतीआड गेला. पाऊस तेवढा ऐकू येत राहिला.

मावशी दारात आल्या. ‘‘काय हो साहेब, उद्या पाणी येणार का?’’

‘‘येणार,’’ साहेब म्हणाले. ‘‘नेहमीच्या वेळेत.’’ आणि मग थांबले. हातातल्या कागदाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या.

‘‘बघा,’’ मी म्हणाले. मला जिंकल्याचा आनंद झाला तो लपवता आला नाही.

पण एक गोष्ट आम्हां दोघांच्याही लक्षात आली नव्हती. ही चाचणी आहे, हे गावाला कुठं ठाऊक होतं? बुधवारचा धडा घेऊन दुसऱ्या गल्लीनं या वेळी ‘नाही’ ऐकलं आणि कळशीसकट संध्याकाळच्या चालू नळावर झडप घातली. तिसऱ्या गल्लीनं दुसरीला बघितलं. तासाभरात सगळ्या गावानं पातेली, बादल्या, लहान मुलांचे टब भरून घेतले, मास्तरांनी तर गच्चीवरची गळकी टाकीसुद्धा भरली. रात्री साठ्याच्या टाकीचा तळ दिसला आणि शनिवारी सकाळी गावात खरोखरच पाणी आलं नाही. सूचना अक्षरशः खरी ठरली. त्यातला एक शब्दही आम्हाला मागे घ्यावा लागला नाही. साहेबांच्या बंगल्यावर मात्र कुणीच पाणी भरलं नव्हतं, कारण साहेबांनी घरी फोन करून ‘ती चाचणी आहे’ असं कळवलं होतं. शनिवारी ते दाढी न करता ऑफिसात आले आणि आल्या आल्या आदेश काढला. आबा माईकवरच राहतील. गटाराचा विषय बंद. यापुढे सूचना आबा सांगतील तशी लिपिकानं लिहून घ्यायची, आणि टेम्पो प्रत्येक गल्लीत उभा राहील.

मी धावत बाहेर आले. आबा बाकावर बसले होते. आदेश वाचून दाखवला. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, नीट केली. डोळे भरले होते त्यांचे, माझेही भरले. म्हटलं, चला, आता सांगून टाकावं. ‘‘आबा, एक बोलायचंय. तुमच्याविरुद्ध पत्र गेलं होतं ना, ते...’’

‘‘तुमचं व्हतं,’’ आबा म्हणाले. ‘‘ठावं हाय.’’

‘‘कुणी सांगितलं?’’

‘‘कुनी कशाला? पयल्या आदेशाला मागं टाचून दिलं व्हतं की. चौथी शिकलोय ताई. येळ लागला, पर वाचलं समदं.’’

आदेशासोबत संदर्भाच्या पत्राची प्रत जोडायची असते. जोडली होती मीच. माझ्या हातानं टाचणी मारून. आणि त्यानंतर रोज सकाळी हा माणूस मला ‘ताई, आलो’ म्हणून हाक मारत होता, डोंगरातली करटुली आणून टेबलावर ठेवत होता. मला तोंड वर करवेना.

‘‘मला येक सांगा,’’ आबा म्हणाले. रागानं नाही, खरोखर विचारत होते. ‘‘त्यो ‘गावंढळ’ शब्द सरकारी हाय का?’’

‘‘नाही आबा. सरकारी नाही. तो माझा आहे.’’

‘‘मग ऱ्हाऊ द्या का त्यो तितंच?’’

मी कपाटाशी गेले. फाईल काढली, पत्र उघडलं. फाईलमधला कागद काढून टाकता येत नाही, पानांना क्रमांक असतात. पण शब्द खोडता येतो, शेजारी सही केली तर. मी ‘गावंढळ’वर आडवी रेघ मारली, दुसरी मारली, आणि समासात पूर्ण सही केली. मग उघडी फाईल आबांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला. बोट ओळीवर ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचायला लागले. सगळं ऑफिस ऐकत होतं. ‘‘स-दर उद्-घो-ष-का-च्या...’’ खोडलेल्या जागी बोट थांबलं, रेघेवरून पलीकडे गेलं. ‘‘...भा-षे-मुळे गा-वात न-गर-प-रि-ष-दे-ची शो-भा होत आहे.’’

त्यांनी मान वर केली. पुन्हा एकदा वाचलं, या वेळी सलग.

‘‘आता बराबर लिवलंय,’’ आबा म्हणाले.